पाण्याखालचे अकरा बिघे

कोसी नदीच्या उंच बांधावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, तुमची जमीन कुठे आहे म्हणून. तो तोंडातलं पान गालात सरकवील, हात वर करील आणि सरळ पाण्याकडे दाखवील. त्यात आपलं काही चुकतंय असं त्याला मुळीच वाटणार नाही. कुशेश्वर पाठकांची तर अशी भरपाण्यात अकरा बिघे जमीन होती.

एकतीस वर्षांपूर्वी नदीनं ती एका आठवड्यात नेली. आधी तळ्यावरचं शेत, मग दुलारी आणि कनही या नावांची शेतं, मग आंब्याची बाग आणि शेवटी घर. पाठक तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. भांडीकुंडी आणि एक गाय घेऊन सगळे बांधाचा चढ चढले, आणि दोन दिवसांत खाली उतरू म्हणून जी झोपडी घातली, तीत पाठक अजून राहत होते. आता नुसतं छप्पर पत्र्याचं झालं होतं, एवढाच काय तो फरक.

पण जमीन गेली असं बांधावर कुणी म्हणत नाही. नदी नेते तशी देतेही. बापजाद्यांनी दोनदा पाहिलंय. मात्र देते कुणाला? ज्याचं नाव सरकारी वहीत शाबूत आहे त्याला. आणि नाव शाबूत ठेवायचं तर दर साली शेतसारा भरायचा आणि पावती घ्यायची. म्हणून इथली माणसं एक वेळ चूल थंड ठेवतील, पण पाण्याचा सारा चुकवणार नाहीत. बाहेरचे लोक हसतात. हसू देत बापडे. त्यांच्या घरातून कधी नदी गेलेली नाही.

पाठक मखान्याच्या वखारीत लाह्या चाळायचं काम करत. मोठी एका चाळणीत, मधली दुसऱ्या चाळणीत, बारीक खाली. कुणी विचारलं तर म्हणत, "तिथं जरा देखरेख करतो." आणि खरं सांगायचं तर ते वखारीत नसतच. हात चाळणी हलवत आणि पांढऱ्या लाह्या खालीवर होत, पण पाठक पायवाटेनं निघालेले असत. तळ्याला वळसा घालून दुलारीच्या बांधावर यायचे. भात कंबरेएवढा आलेला असायचा. ओंबी हातात धरून दाणा दाताखाली घालायचे, दूध भरलंय का बघायचे. मग कनहीत जायचे. तिचा एक कोपरा कायम रिकामा राहायचा, तिथं काही उगवायचंच नाही, म्हणून ती कनही, म्हणजे काणी. पाठकांना सगळ्यात जास्त जीव तिच्यावरच होता. "अहो पाठकजी, चाळण रिकामी झाली," असं कुणी ओरडलं की ते दचकून परत यायचे. धोतराचा काठ ओला तर नाही ना, म्हणून एकदा खाली बघायचे.

त्यांचं लग्नही याच जमिनीवर झालं. बावीस वर्षांपूर्वी इंदुकलाचे वडील स्थळ बघायला आले तेव्हा त्यांना बांधावर उभं करून पाणी दाखवलं आणि पावत्यांची चवड पुढे ठेवली. ते बिचारे डोंगराकडचे, नदी नसलेल्या मुलखातले. त्यांनी पावत्या मोजल्या आणि मुलगी दिली. इंदुकला सासरी आली, एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा झोपडीकडे बघितलं आणि पदर खोचून कामाला लागली. जमिनीबद्दल ती कधीच काही बोलली नाही. नवरा दुलारीच्या भाताचं वर्णन करू लागला की ती विकतचे तांदूळ निवडत बसायची.

त्यांची एकुलती एक मुलगी नूतन. ती बापाच्या मांडीवर बसून ही शेतं ऐकतच मोठी झाली आणि बारावी झाल्यावर म्हणाली, शेतकी शिकेन. परीक्षा दिली, नंबर लागला. पण सरकारी कॉलेजातली ती जागा होती खुल्या वर्गातल्या गरिबांच्या राखीव कोट्यातली. त्याला ईडब्ल्यूएसचा दाखला हवा. शुक्रवारपर्यंत दाखला कॉम्प्युटरवर चढवला तर जागा तिची, नाहीतर खालच्या नंबराची. दुसऱ्या कुठल्या कॉलेजाची फी त्यांना सात जन्मांत भरता आली नसती.

दाखल्याला काय लागतं! सगळा बांध साक्ष देईल की पाठकांच्या घरी दोन वेळचं जेमतेम आहे. पण कचेरीतल्या यंत्रानं नाव घालताच दाखवलं, शेतजमीन अकरा बिघे, सारा चालू सालापर्यंत चुकता. आणि नियम असा की पाच एकर, म्हणजे आपल्या मापानं आठ बिघे किंवा त्याहून जास्त जमीन ज्याच्या नावावर, तो गरीब नव्हे.

खिडकीतला माणूस म्हणाला, "तुम्ही जमीनदार निघालात की हो."

पाठकांना, खरं सांगायचं तर, क्षणभर बरं वाटलं.

नूतननं मात्र खिडकी सोडली नाही. जमीन पाण्याखाली आहे, येऊन बघा, म्हणाली. बघायचं काम बिनोद मंडल नावाच्या महसूल कर्मचाऱ्याकडे आलं. माणूस सरळ होता. तो म्हणाला, "उद्या येतो. पाणी दिसलं की दोन ओळी लिहितो. जागेवर जमीन नाही, नदी आहे. संपलं."

घरी येताना नूतननं बापाचा हात धरला. "बाबूजी, माझी शपथ आहे. उद्या काही बोलायचं नाही. नुसतं पाणी दाखवायचं."

"मी कशाला बोलतोय?"

"दुलारी नाही, कनही नाही. काही नाही."

"अगं बुच्ची, मला काय कळत नाही? तुझ्या शिक्षणापेक्षा काय मोठं आहे मला?"

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीबछ सहनीची नाव निघाली. जीबछचा बाप पाठकांची जमीन कसायचा, म्हणून जीबछ त्यांना अजून मालिक म्हणायचा. नावेत पाठक, नूतन आणि मांडीवर कागदांची फाइल घेतलेले मंडल. भादव्यातलं ऊन पडलं होतं, पूर ओसरून पाणी संथ झालं होतं. नदी दिसायला इतकी गरीब झाली होती की हिनं कुणाचं काही नेलं असेल असं वाटू नये. लांब काठावरचं देऊळ पाण्यात उलटं पडलं होतं. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता.

नाव सरळ चालली होती ती एका जागी डावीकडे वळली. मग जरा पुढे जाऊन उजवीकडे.

मंडलांनी मान वर केली. "काय रे, सरळ पाणी सोडून वळणं कसली घेतोस?"

"वाट इथून वळते ना साहेब," जीबछ म्हणाला.

"कुठली वाट?"

"खालची. सरळ गेलं तर दुलारीतून जावं लागेल. भात उभा असतो या दिवसांत. नाव कशी घालायची?"

नूतननं डोळे मिटले.

मंडल हसले. मग हसू आवरून पाण्याकडे बघत राहिले. "दुलारी कोण?"

"साहेब, नुसतं पाणी आहे," नूतन घाईघाईनं म्हणाली. "बघा ना. लिहा, पाणी."

 पाठकांनी ओठ आत ओढून घट्ट धरले होते. पण त्यांची नजर देवळाच्या कळसावरून पलीकडच्या एकट्या ताडाकडे गेली. कळस आणि ताड एका रेषेत आले, म्हणजे दुलारीचा पूर्वेचा बांध. त्यांच्या पायांना तो कळला. नावेच्या फळीखाली, पाण्याखाली, वाळूखाली तो तिथं होता. भाताचा वास आला. आता देवानं माणसाला जीभ दिली आहे, तिला किती वेळ धरून ठेवायचं?

"तीन बिघे चार कट्ठे," पाठक म्हणाले.

"बाबूजी!"

"साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं. दुलारी म्हणजे शेत. आज्यानं ठेवलेलं नाव. भाद्रपदात या बांधावर उभं राहिलं की पलीकडचा माणूस दिसायचा नाही. असा भात!"

"कुठला लावत होतात?" मंडलांनी विचारलं. त्यांचं पेन हातातच होतं.

बस्स. उचलली जीभ लावली टाळ्याला. पाठक नावेत उभे राहिले. कुठला भात, किती रोपं, तळ्याचं पाणी कुठल्या पाटानं यायचं, बागेत आंबे किती, त्यातला शेंदरी कुठला आणि लोणच्याचा कुठला, सगळं सुरू झालं. जीबछ वल्हं थांबवून मधेच म्हणे, "मालिक, चिंच राहिली," की पाठक चिंचेकडे वळत. ताड, कळस आणि बांधावरचा पाण्याचा पंप अशा तीन खुणा धरून त्यांनी कनहीचे चारही कोपरे मंडलांना दाखवले. रिकामा कोपराही दाखवला. मंडलही आता कशाला आलो ते विसरले होते. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली होती आणि एक हात पाण्यात सोडला होता. मधेच ते हळूच म्हणाले, "आमच्याकडे पण असाच एक कोपरा होता. आई तिथं तुरी लावायची."  नाव शेताच्या कडेकडेनं जात राहिली, ऊन पाण्यात हलत राहिलं, आणि नूतनलासुद्धा, रागानं रडकुंडीला आली होती तरी, खाली काहीतरी हिरवं असल्यासारखं वाटलं.

बांधावर उतरल्यावर मंडल जागे झाले. फाइल उघडून बघतात तर तीन पानं भरलेली. चतुःसीमा, पाट, झाडं, उत्पन्नसुद्धा.

"काय केलंत पाठकजी!" ते कपाळाला हात लावून म्हणाले. "मी दोन ओळी लिहायला आलो होतो. तुम्ही मला अकरा बिघ्यांचं जेवण वाढलंत. बोलाचाच भात, बोलाचीच कढी, पण मी पोटभर जेवलो ना! आता जमीन नाही असं कुठल्या हातानं लिहू? मालक चारी कोपरे दाखवतो, दर साली सारा भरतो. साहेब विचारतील, नसलेल्या जमिनीचा सारा कुठला शहाणा भरतो?"

"हा सगळा बांध भरतो," पाठक म्हणाले.

"तेच तर. आणि बांधावरचा एकही माणूस गरीब ठरत नाही."

नूतन काही न बोलता चढ चढून घरी गेली. ते पाठकांना फार लागलं. तिनं ओरडायला हवं होतं.

मंडल थोडा वेळ घुटमळले. मग म्हणाले, "एक उपाय आहे. जमिनीवरचा हक्क सोडल्याचा अर्ज द्या. जमीन नदीत गेली, माझी उरली नाही, वहीतून नाव कमी करा. अर्जाची पोच जोडली की साहेब दाखल्यावर सही करतात."

"आणि नदीनं परत दिली तर?"

"तर ती सरकारची."

"माझी नाही?"

"तुम्हीच लिहून दिलेलं असेल ना, नाही म्हणून."

तो दिवस मंगळवार होता. बुधवारी पाठक वखारीत गेले, चाळणी हातात घेतली आणि पायवाटेनं निघाले. पण दुलारीच्या बांधावर नूतन उभी होती. पाठीला कॉलेजची पिशवी लावून ती सगळ्या शेतावरून नजर फिरवत होती. "बाबूजी, आत येऊ?" ती विचारत होती. पाठक म्हणायचे, "ये की, तुझंच आहे," आणि ती म्हणायची, "कसं येऊ? भात उभा आहे." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा पाठकांनी चाळणी खाली ठेवली आणि पोटात दुखतंय असं सांगून घरी आले.

नूतन दारात पुस्तकं बांधून ठेवत होती.

"कुठे चाललीस?"

"कुठे नाही. शेजारच्या मुलीला देते. तिला पुढच्या वर्षी लागतील."

"माझ्यावर रागावलीस?"

"हो," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं. "रागावलेय. तुमच्यामुळेच मला शेतकी शिकायची आहे, बाबूजी, आणि तुमच्यामुळेच शिकता येत नाही. आता कुणावर रागावू ते सांगा. पण अर्ज देऊ नका. दिलात तर तुम्ही जगणार नाही, मला माहीत आहे."

इंदुकला चुलीपाशी होती. ती मागे न बघता म्हणाली, "जगतात. माणसं सगळ्यातून जगतात." आणि मग जरा थांबून, "सुंभ जळला एकतीस वर्षांपूर्वी. पीळ तेवढा जायचा आहे."

गुरुवारी पाठक धुतलेलं धोतर नेसून एकटेच कचेरीत गेले. मंडलांनी त्यांना बाकावर बसवलं, पुढे कोरा कागद ठेवला आणि हळू आवाजात मजकूर सांगू लागले. स्वतःच्या हातानंच लिहावं लागतं. मी कुशेश्वर पाठक, वडील अमुक, राहणार बांध. पाठकांचं अक्षर सुंदर होतं, मोत्यासारखं. नदीनं कापून नेलेली जमीन, इथपर्यंत आले आणि थांबले.

"नावं घालू?"

"कुणाची?"

"शेतांची."

"नावांचा रकाना नाही, पाठकजी. गटनंबर घालायचा."

"नंबरानं जमिनीला कसं कळणार?"

 मंडलांनी बाजूच्या टेबलाकडे पाहिलं, मग कागदाच्या समासावर बोट ठेवलं. पाठकांनी समासात बारीक अक्षरांत चार नावं लिहिली. बागेला नाव नव्हतं, म्हणून नुसतं बाग लिहिलं. मग मुख्य मजकुराकडे वळले.

"माझ्याकडे अथवा माझ्या कुटुंबातील कोणाकडेही," मंडल सांगत होते, "कसलीही शेतजमीन..."

शेतजमीनपर्यंत लेखणी आली. पुढचा शब्द केवढासा! पाठकांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऊन होतं, सायकली होत्या, एक म्हातारी भुट्टे भाजत होती. त्यांनी डोळे मिटून दुलारीच्या बांधावर जायचा प्रयत्न केला. गेले. भात उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली, आणि चालायला लागले. तळ्याला वळसा घालून, पायवाटेनं, बांधाचा चढ चढून वर आले. पाय ओले होते. मागे वळून पाहिलं तर पाणी होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना नुसतं पाणी दिसलं.

त्यांनी 'नाही' लिहिलं आणि सही केली.

दाखला दुपारी मिळाला. शिक्का अजून ओला होता. वर पाठकांचं नाव आणि खाली, सदर कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात मोडते. मागोमाग येऊन बाहेर उभी राहिलेली नूतन तो कागद घेऊन कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानाकडे पळाली. दहा पावलं गेली, परत आली, भर रस्त्यात बापाच्या पाया पडली आणि पुन्हा पळाली.  

ते एकटेच घरी आले. उतरत्या उन्हात बांधावर नेहमीसारखी माणसं बसली होती. कुणीतरी हाक मारली, "काय पाठकजी, पाणी उतरलं का तुमच्या बागेवरचं?" ते थांबले नाहीत.

इंदुकला दारात चटईवर तांदूळ निवडत बसली होती. पाठक तिच्यासमोर उभे राहिले.  एवढा मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत हे कळेना.

"नूतनची माय," ते शेवटी म्हणाले, "झालं काम. जागा मिळाली पोरीला." मग खाली चटईकडे बघत, "आपण आता गरीब आहोत बरं का. सरकारनं लिहून दिलंय."

इंदुकलानं सूप खाली ठेवलं. त्यांच्याकडे नीट बघितलं, खूप दिवसांनी. मग ती चटईवर थोडी बाजूला सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"या," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी इथं एकटीच बसले होते."